मुलीला व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू व्हायचे आहे : सांगलीतून ही वाट कितपत शक्य आहे?

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची असून सातवीत शिकते. आठव्या वर्षापासून ती इनलाइन स्केट्सवर हॉकी खेळते. सुरुवातीला चाकांच्या बुटांची हौस एवढेच त्याचे स्वरूप होते. परंतु गेल्या जानेवारीत प्रशिक्षकांनी निवडलेल्या मुलांबरोबर ती लेहला दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून तिला बर्फाशिवाय दुसरे काही सुचत नाही. अमेरिका आणि कॅनडा मिळून चालणाऱ्या महिलांच्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे पीडब्ल्यूएचएलचे, सामने पाहण्यासाठी ती हिवाळ्यात पहाटे साडेपाचला स्वतःहून उठते. शाळेसाठी तिला उठवताना मला तीन हाका माराव्या लागतात, म्हणून हा फरक माझ्या डोळ्यांत भरला.

घरात मतभेद आहेत. माझे सासरे तालमीत वाढलेले आहेत. ज्या खेळाचे मैदानच जिल्ह्यात नाही त्या खेळात मुलीचे उमेदीचे दिवस घालवू नयेत, असे ते म्हणतात. स्मृती मानधना याच सांगलीत वाढल्या, तेव्हा खेळायचेच असेल तर क्रिकेट खेळावे, असे तिच्या वडिलांना वाटते. मला तिचे मन मोडायचे नाही, पण खोटी आशाही दाखवायची नाही.

या खेळाडूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, ती कोणत्या वयात सुरू होते आणि कधी संपते, त्यात पोटापुरते तरी मिळते का, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आम्ही काय करावे, हे या विषयाची माहिती असलेल्यांनी सांगावे. गोड शब्दांपेक्षा खरी माहिती मिळाली तर अधिक उपकार होतील.

कॅल्गरीचा मिरजकर

ताई, मी मूळचा मिरजेचा. वालचंद महाविद्यालयातून अभियांत्रिकी पूर्ण करून गेली सोळा वर्षे कॅनडातील कॅल्गरी शहरात राहतो. माझी मुलगी सहाव्या वर्षी या खेळात उतरली आणि पंधराव्या वर्षी तिने तो सोडला, त्यामुळे पालक म्हणून ही शिडी खालून काही पायऱ्यांपर्यंत मी जवळून पाहिली आहे.

येथे मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याला बर्फावर उभे करतात. घरामागच्या अंगणात पाणी सोडून बाप स्वतःच छोटी रिंक तयार करतो. पुरुषांच्या हॉकीतील महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की यांच्या वडिलांनी ऑन्टारिओतील ब्रॅन्टफर्डच्या अंगणात अशीच रिंक केली होती आणि महिलांच्या हॉकीतील तेवढ्याच मोठ्या हेली विकेनहायझर यांच्या वडिलांनी सस्कॅचवानमधील शॉनव्हन या छोट्या गावात. नवव्या-दहाव्या वर्षापासून आठवड्यातून तीन-चार वेळा बर्फ मिळू लागतो, आणि तोही अनेकदा भल्या पहाटे, कारण रिंकच्या संध्याकाळच्या वेळा मोठ्या संघांकडे असतात. उणे वीस अंशांच्या थंडीत पहाटे पाचला गाडीवरचा बर्फ खरवडून मी मुलीला कित्येक वर्षे नेले आहे. रिंकच्या बाकावर वाकून तिच्या बुटांचे बंद आवळताना माझी बोटे बधिर होत असत. बंद सैल राहिला तर घोटा कलंडतो आणि अति आवळला तर दहा मिनिटांत तळपाय दुखू लागतो. आमच्या घरखर्चात घराच्या हप्त्यानंतर सर्वांत मोठा खर्च हॉकीचाच होता.

तेराव्या-चौदाव्या वर्षी निवडीचे संघ सुरू होतात. मुलींसाठी त्यापुढची मुख्य वाट अमेरिकेतील विद्यापीठांतून जाते. तेथील एनसीएए या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळणाऱ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक शालेय वयातच मुलींवर लक्ष ठेवून असतात आणि चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते. चार वर्षे तेथे खेळल्यावर, म्हणजे बावीस-तेवीस या वयात, व्यावसायिक लीगच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंना क्रमाने निवडतात तेव्हा) नाव येऊ शकते. पीडब्ल्यूएचएलच्या २०२३ मधील पहिल्या निवडीत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या टेलर हायझी मिनेसोटा विद्यापीठातून आल्या होत्या आणि २०२४ मधील पहिल्या क्रमांकाच्या सारा फिलियर प्रिन्स्टन विद्यापीठातून. म्हणून आपल्या मुलीने खेळासाठी अभ्यास सोडावा, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. या वाटेवर गुणपत्रिका ही हॉकी स्टिकइतकीच लागते.

आता पैशांविषयी. पुरुषांच्या एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातील सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, २०२५-२६ च्या हंगामात किमान वार्षिक वेतन ७,७५,००० डॉलर आहे. तेथे ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू असतात, म्हणजे साऱ्या जगातून सुमारे साडेसातशे जणांना त्या वेतनाची जागा मिळते. महिलांच्या लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी झाला. तिच्या पहिल्या हंगामातील किमान वेतन ३५,००० डॉलर होते, ते दरवर्षी थोडे वाढते, आणि प्रत्येक संघाने किमान सहा खेळाडूंना ८०,००० डॉलर किंवा अधिक द्यावेत असा करार आहे. रुपयांत ही रक्कम मोठी वाटते. प्रत्यक्षात बोस्टन किंवा टोरांटोसारख्या शहरात किमान वेतनावर एकटीने घर घेऊन राहणे कठीण आहे. सहा संघांनी सुरू झालेल्या या लीगमध्ये २०२५-२६ मध्ये व्हँकुव्हर आणि सिएटल यांची भर पडून आठ संघ झाले. प्रत्येकी २३ धरल्या तरी जागा दोनशेच्या आतच भरतात.

या लीगच्या आधी काय होते, तेही सांगतो. सीडब्ल्यूएचएल ही महिलांची लीग २००७ मध्ये सुरू झाली, पण खेळाडूंना मानधन मिळू लागले ते २०१७ मध्ये, आणि २०१९ मध्ये लीगच बंद पडली. ऑलिंपिकचे सुवर्णपदक गळ्यात असलेल्या स्त्रिया दिवसा शाळेत शिकवत किंवा कार्यालयात नोकरी करत आणि रात्री नऊनंतर सराव करत. एप्रिल २०२४ मध्ये मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये महिलांच्या एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले, तेव्हा येथे आमच्या घरी दूरचित्रवाणीसमोर माझी पत्नी अक्षरशः रडली होती. तिने आमच्या मुलीच्या वयाच्या किती मुलींना 'पुढे काय' या प्रश्नावर खेळ सोडताना पाहिले होते!

एका खेळाडूची पूर्ण कारकीर्द पाहायची असेल तर मी विकेनहायझर यांचेच उदाहरण देईन. त्यांचा जन्म १९७८ चा. पंधराव्या वर्षी, १९९४ मध्ये, त्या कॅनडाच्या संघातून जागतिक स्पर्धेत खेळल्या. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती १९९८ मध्ये नागानो येथे. तेथे कॅनडाला रौप्य मिळाले. त्यानंतर २००२, २००६, २०१० आणि २०१४ अशी चार सुवर्णपदके त्यांनी जिंकली. देशासाठी २७६ सामन्यांत १६८ गोल केले. परंतु त्यांच्या भरात असलेल्या वर्षांत महिलांची पोटभर वेतन देणारी लीगच नव्हती, म्हणून २००३ मध्ये त्या फिनलंडला जाऊन पुरुषांच्या खालच्या पातळीवरील व्यावसायिक संघातून खेळल्या आणि पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात गोल करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. त्याच वर्षी त्यांनी कॅल्गरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि २०२१ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. जगातील सर्वश्रेष्ठ मानल्या गेलेल्या खेळाडूलाही चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसरा व्यवसाय शिकावा लागला, हे आपल्या घरातील चर्चेत जरूर सांगा.

आता आपल्या मूळ प्रश्नावर माझे स्पष्ट मत. भारतीय वंशाचे खेळाडू वरच्या पातळीवर पोहोचले आहेत. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळलेले पहिले. मॅनी मल्होत्रा १९९८ च्या निवडीत सातव्या क्रमांकावर निवडले गेले आणि ९९१ सामने खेळले. पुढे जुझार खैरा आणि अर्शदीप बैन्सही आले. हे सर्व कॅनडात वाढले आणि चालायला शिकल्यावर लवकरच बर्फावर उतरले. आपल्या मुलीत गुण असतीलही, पण पाच ते पंधरा या वयात पायाखाली बर्फ मिळणे हीच या व्यवसायाची खरी अट आहे, आणि ती सांगलीत राहून पूर्ण होऊ शकत नाही. बारा वर्षांच्या वयात वर्षाला दहा दिवस बर्फ मिळणारी मुलगी पीडब्ल्यूएचएलपर्यंत पोहोचेल, असे मी म्हणू शकत नाही.

चाकांवरचा मास्तर (मिरज)

मी गेली चौदा वर्षे मिरज-सांगली परिसरात मुलांना इनलाइन हॉकी शिकवतो. वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. कॅल्गरीच्या दादांची माहिती मोलाची आहे, तरीही शेवटच्या वाक्यांशी मी पूर्ण सहमत नाही.

आधी त्यांचे जे खरे आहे ते मान्य करतो. चाकांवरून बर्फावर जाणे हे सायकलवरून मोटारसायकलवर जाण्याइतके सोपे नाही. मी स्वतः एकतिसाव्या वर्षी लेहच्या गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा पहिल्या वळणालाच पडलो. चाक जमिनीला धरून ठेवते. पाते तसे धरत नाही. बर्फावरच्या बुटाचे पाते जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते, त्याच्या मधोमध लांबीभर बारीक पन्हळ कोरलेली असते आणि त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. खेळाडू उभा असतो तो पात्यावर नव्हे, या दोनपैकी एका धारेवर. भरधाव येऊन थांबताना तो पाते आडवे करून बर्फ खरवडतो आणि बर्फाचा भुगा उडतो. आमच्या सिमेंटच्या रिंकवर हे शिकवताच येत नाही, कारण चाके तशी आडवी केली की अडकतात आणि मूल तोंडावर पडते.

पण चाकांवर जे येते ते कमी नाही. खाली न पाहता स्टिकवर पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) खेळवणे, मान वर ठेवून सोबत्याची जागा हेरणे, पाठीमागे सरकत प्रतिस्पर्ध्याला कडेला दाबणे, हे सारे येते. आमच्या खेळात गोलरक्षक सोडून चारच खेळाडू असतात, बर्फावर पाच असतात, त्यामुळे आमच्या मुलांना मोकळ्या जागेत पास द्यायची सवय अधिक असते. पायांची ताकद तर आपल्याकडच्या तालमीत बर्फावरच्या कोणत्याही गावाइतकी तयार होऊ शकते. आजोबा तालमीतले आहेत असे ताईंनी लिहिले आहे. त्यांनीच नातीकडून बैठका आणि सपाट्या करून घ्याव्यात. स्केटिंग हा वाकलेल्या गुडघ्यांवरचा खेळ आहे, आणि आजोबांना ते शिकवायला दुसऱ्या कोणाची गरज नाही.

आणि लडाखच्या मुलींकडे पाहा. त्यांना वर्षातून जेमतेम दोन महिने नैसर्गिक बर्फ मिळतो. भारताच्या महिला संघाने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली ती २०१६ मध्ये तैपेईला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सचा ४-३ असा पराभव करून पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. त्यांपैकी कोणाच्या अंगणात बापाने पाचव्या वर्षी रिंक केली होती? मग आपल्या मुलीला आधीच नाही का म्हणायचे?

एक मात्र मनापासून सांगतो. गेल्या वर्षी आम्ही सराव करतो ती रिंक लग्नाच्या मांडवासाठी आठ दिवस दिली गेली आणि मांडवाच्या खांबांसाठी तिच्या पृष्ठभागावर भोके पाडण्यात आली. ती आम्ही पालकांनी वर्गणी काढून सिमेंटने बुजवली, तरी एका भोकाच्या कडेला चाक अडकून एका मुलाचे मनगट मोडले. ज्या खेळाला चाकांची रिंकसुद्धा नीट मिळत नाही, त्या खेळात पुढे जाणाऱ्या मुलांना निदान आपण तरी मागे ओढू नये, एवढीच माझी भावना आहे.

निवृत्त सुभेदार, अपशिंगे (सातारा)

माझ्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे गेली आहेत. मीही गेलो, आणि त्यातली काही वर्षे लेह भागात काढली. हॉकी मी स्वतः खेळलो नाही, पण ती बर्फासकट कशी तयार होते ते पाहिले आहे, म्हणून लिहितो.

तेथे रिंक तयार मिळत नाही, ती रात्री करावी लागते. दिवसभराच्या खेळाने तळ्याचा बर्फ ओरखडून पांढरा पडतो. सूर्य डोंगराआड गेला की पोरे आधी फावड्यांनी आणि झाडूंनी भुगा काढतात, मग बादल्यांनी किंवा नळीने पाण्याचा पातळ थर सोडतात. पाणी एकदम जास्त ओतले तर वरचा थर गोठतो आणि खाली पोकळी राहते, म्हणून थोडे ओतायचे, गोठू द्यायचे आणि पुन्हा ओतायचे. साडेअकरा हजार फुटांवर जानेवारीच्या रात्री हे काम चालते. ओले हातमोजे बादलीच्या कडीला चिकटून बसतात. सकाळी तोच बर्फ आरशासारखा झालेला असतो. तेथील जुनी माणसे सांगत की पूर्वी स्केट्स मिळत नसत, तेव्हा फौजी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून खेळ सुरू झाला.

आता पोटाचा प्रश्न. भारतात या खेळाची पगार देणारी लीग नाही. तरीही या खेळावर घर चालवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती वर्दीतली आहेत. लडाख स्काउट्स ही फौजेची लडाखी रेजिमेंट, सैन्यदल आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे आघाडीवर असतात. आयटीबीपीचा महिलांचा संघही असतो. खेळाडू म्हणून भरती झालेल्याला पगार मिळतो, नोकरी राहते, निवृत्तीनंतरची सोय होते आणि हिवाळ्यात खेळायला मिळते. कॅल्गरीच्या साहेबांनी सांगितलेल्या डॉलरच्या तुलनेत ही रक्कम लहान आहे, पण पस्तिसाव्या वर्षी गुडघा गेला तरी ती नोकरी जात नाही.

आमच्या जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला पाठवण्यासाठी गावाने वर्गणी काढली होती, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. खाशाबांचा आखाडा गावात होता. वर्गणी फक्त प्रवासापुरती लागली. या मुलीला प्रत्येक आठवड्याचा बर्फच विकत घ्यावा लागेल. वर्गणीने एक स्पर्धा होते, दहा वर्षांचा सराव होत नाही. हा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर मांडावा.

गुडघ्यांची डॉक्टर (सांगली)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाडूंचे गुडघे, घोटे आणि खांदे हेच माझे रोजचे काम असल्याने तेवढ्यापुरते लिहिते.

आइस हॉकीपटू सामन्यात सलग खेळत नाही. तो पाऊण मिनिटाच्या आसपास पूर्ण ताकदीने खेळतो, बाकावर येतो, श्वास घेतो आणि पुन्हा उतरतो. वीस मिनिटांचे तीन भाग असे चालतात. त्यामुळे या खेळात दमसासाइतकीच झटक्यात ताकद लावण्याची क्षमता लागते, आणि ताण पडतो तो जांघेच्या स्नायूंवर आणि खुब्याच्या सांध्यावर. वाढीच्या वयात, विशेषतः बारा ते पंधरा या वर्षांत, मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. उडी मारून नीट उतरण्याचा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे केला तरी तो बराच कमी करता येतो.

डोक्याच्या माराबाबत मी अधिक कठोर आहे. एनएचएलमधील सिडनी क्रॉस्बी यांच्यासारख्या अव्वल खेळाडूला जानेवारी २०११ मध्ये लागोपाठच्या सामन्यांत डोक्याला मार लागला आणि ते नोव्हेंबरपर्यंत मैदानाबाहेर राहिले. मल्होत्रांना त्याच वर्षी मार्चमध्ये डोळ्यावर पक लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील सामन्यात स्केटच्या पात्याने मानेला जखम होऊन अॅडम जॉन्सन हे २९ वर्षांचे खेळाडू गेले. मुलींच्या खेळात संपूर्ण चेहरा झाकणारी जाळी असते, ही चांगली गोष्ट आहे. त्याबरोबर मानेचा पट्टाही पहिल्या दिवसापासून वापरावा, इतर मुले वापरत नसली तरीही. आणि डोक्याला मार लागल्यावर मुलगी 'मला काही झाले नाही' म्हणाली तरी त्या दिवशी तिला पुन्हा उतरू देऊ नये.

कॅल्गरीचा मिरजकर

मास्तर, आपला प्रतिसाद वाचून मला माझे म्हणणे अधिक नेमके करावेसे वाटते. लडाखच्या मुलींविषयी मला आदरच आहे. विकेनहायझर जानेवारी २०१८ मध्ये लेहला गेल्या होत्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताचा संघ त्यांच्या महोत्सवासाठी आमच्या कॅल्गरीला आला, तेव्हा मी माझ्या मुलीला घेऊन तो पाहायला गेलो होतो. सामना संपल्यावर त्या मुली रिंकवरून उतरायलाच तयार नव्हत्या. छताखालच्या, वाऱ्याशिवायच्या, सपाट बर्फावर त्या नुसत्या गोल गोल फिरत राहिल्या. तिकडे तसा बर्फ मिळत नाही, हे माझ्या मुलीला सांगितल्यावर ती परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होती.

पण भारतासाठी खेळणे आणि या खेळावर पोट भरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माझा नकार दुसऱ्या गोष्टीला आहे. भारताच्या संघात जाणे सांगलीच्या मुलीला अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. उलट लडाखबाहेरच्या मुली फारशा नसल्याने जिद्दीने टिकणारीला जागा आहे. मुलीला या दोन्हींतील फरक आत्ताच, तिला समजेल अशा शब्दांत सांगा. मी माझ्या मुलीला तो तेराव्या वर्षी सांगितला नाही. 'तू करशील, तू करशील' असेच म्हणत राहिलो. पंधराव्या वर्षी निवडीच्या यादीत तिचे नाव आले नाही, तेव्हा तिने बूट तळघरात टाकले ते आजतागायत बाहेर काढले नाहीत. तिला खेळ आवडत होता; मी त्याला एकच शिखर असल्याचे भासवले, ही चूक माझी होती.

चाकांवरचा मास्तर (मिरज)

दादा, हे आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मीही मुलांना 'तू करशील' एवढेच म्हणत आलो आहे, त्यावर मला विचार करावा लागेल.

ताई, प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो. डेहराडूनची बर्फाची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली होती. ती अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती बंदिस्त आणि पूर्ण मापाची आहे, म्हणजे थंडीची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे तीन आठवडे आणि जानेवारीत लेहला दोन आठवडे, असे दोन वर्षे करून पाहावे. लेहमध्येही आता कृत्रिम बर्फाची सोय झाली आहे आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतील आइस हॉकी तेथेच होते. पाच आठवडे म्हणजे कॅनडातील मुलीच्या तुलनेत काहीच नाही, पण दहा दिवसांच्या साडेतीन पट आहे.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर ही सारी चर्चा मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सुभेदार साहेबांचा वर्गणीचा परिच्छेद ऐकून मुलीचे वडील कागद-पेन घेऊन बसले आणि त्यांनी दोन वर्षांचा खर्च मांडला. डेहराडूनचे तीन आठवडे आम्हांला झेपतील. लेह एक वर्षाआड करावे लागेल. सासरे काही बोलले नाहीत, पण आज सकाळी सहाला त्यांनी नातीला गच्चीवर नेले आणि पन्नास बैठका मोजल्या.

मुलीला मी दोन्हींतील फरक सांगितला. पीडब्ल्यूएचएलमध्ये दोनशेसुद्धा जागा नाहीत हे ऐकून ती थोडा वेळ वहीवर रेघोट्या ओढत बसली. मग तिने विचारले की भारताच्या संघात किती मुली असतात. सामन्याला गोलरक्षकांसह वीस-बावीस, असे मी सांगितले. त्यावर तिने स्वतःहून दुसरा विषय काढला : लेहहून आणलेल्या जुन्या बर्फाच्या बुटांची धार गेली आहे, ती सांगलीत कोठे लावून मिळेल? गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला विचारू का, असे ती म्हणते आहे.

चाकांवरचा मास्तर (मिरज)

धारवाल्याकडे अजिबात देऊ नका. तो सुरीसारखी धार काढेल, मधली पन्हळ जाईल आणि पाते कायमचे बाद होईल. त्याला विशिष्ट गोलाईचा दगड लागतो आणि दोन्ही धारा एका पातळीत आल्या आहेत की नाहीत हे तपासावे लागते. पाते उलटे धरून त्यावर नाणे आडवे ठेवले की ते एका बाजूला कलते का, ते डोळ्यांना दिसते. माझ्याकडे हाताने ओढायचा छोटा दगड आहे. त्याने नवी पन्हळ पडत नाही, पण बोथट धार जागी होते. रविवारी सकाळी सातला रिंकवर या आणि बूट कोरड्या फडक्यात गुंडाळून आणा. पात्यावर गंज असेल तर आधी तो घालवावा लागेल, त्याला अर्धा तास जाईल. मुलीलाच करायला लावतो.